दोन पानांचा अभिप्राय

प्रिय गोगे,

तुझं नवं बाड मिळालं. मिळाल्याचं कळवायला मला एकवीस दिवस लागले. तू म्हणाली असशील, कामात असेल बिचारी. तू माझ्याबद्दल नेहमी असंच काहीतरी बरं म्हणतेस. पाठ्यपुस्तक निवडीची बैठक परवा झाली. काय ठरलं ते सांगणार आहे, पण ते एकदम सांगता येण्यासारखं नाही. तू हसशील, ही लगबग आणि आज वाट बघायला लावतेय! हस. पण पत्र शेवटपर्यंत वाच, एवढंच आधी मागून ठेवते.

इकडे तसं सगळं ठीक आहे. ह्यांचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा हे स्वतः जास्त कुरकुरतात. धाकटी नोकरीच्या गावी गेल्यापासून तिच्या खोलीची मी वाचनाची खोली केली आहे. टेबल, दिवा, पाठीला आधार देणारी खुर्ची, भिंतभर फळ्या. हे पाहुण्यांना ती खोली दाखवतात आणि म्हणतात, इथे सगळं आहे, फक्त वाचन तेवढं नाही. थट्टा असते. पाहुणे हसतात, मीही हसते. गेले तीन आठवडे मात्र मला ते हसू जमत नाही.

आपली हॉस्टेलची खोली परवापासून सारखी डोळ्यांसमोर येते. दोन खाटा, एकच टेबल आणि त्या टेबलावरून रोजची भांडणं. एक पान वाचायला तुला अर्धा तास लागायचा, म्हणून मी तुला गोगलगाय म्हणायला लागले आणि त्याची गोगी झाली. जेवणाची घंटा व्हायच्या आधी मी ताट घेऊन उभी असायचे, म्हणून तू मला लगबग केलंस. परीक्षेच्या दिवशी सकाळी दात घासता घासता मी तुला म्हणायचे, 'गोगे, चौथं प्रकरण सांग गं,' आणि तू बादलीवर बसून ते असं सांगायचीस की मला पुस्तक उघडावं लागायचंच नाही. शेवटच्या परीक्षेत मला तुझ्यापेक्षा सात गुण जास्त पडले. तेव्हा आपण दोघी पोट धरधरून हसलो होतो. त्या सात गुणांवर मी दिवसाच्या मोठ्या कॉलेजात लागले आणि तू संध्याकाळच्या वर्गांवर. दिवसभर राबून आलेल्या परिचारिका, न्हावी, बसचे वाहक, कापडदुकानातल्या बायका यांना अर्थशास्त्र शिकवायला. त्यानंतर एकोणतीस वर्षं झाली. आपण त्या सात गुणांबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. तू काढलं नाहीस, आणि मी कशाला काढते!

तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या सूक्ष्म अर्थशास्त्राला नवं पुस्तक लावायचं ठरलं, तेव्हा मीच तुला फोन केला होता. 'वर्गातल्या टिपणांचं पुस्तक करीन करीन म्हणतेस, कर एकदाचं आणि पाठव. समितीची अध्यक्ष मी आहे,' असं मी म्हणाले. शब्द अगदी हेच होते. मला आठवतात, कारण तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. आणि तू, जिला साधं पत्र लिहायला आठवडा लागतो, चार महिन्यांत तीनशे बारा पानं टाइप करून पाठवलीस. गोगलगाय माझ्या शब्दाखातर धावली.

माझ्या खोलीतल्या टेबलावर सात पुस्तकं होती. सहा छापील, सातवं तुझं बाड. समितीत मी, संख्याशास्त्राचे सर आणि ग्रंथपालबाई. सुट्टीत प्रत्येकाने सातही पुस्तकं वाचायची आणि अध्यक्षांनी प्रत्येकावर दोन पानी अभिप्राय लिहायचा, असं ठरलं होतं. त्या सुट्टीत घरी आजारपण होतं, कार्य होतं, असं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी आठवून पाहिलं. काही नव्हतं. मी पडदे शिवायला टाकले, बहिणीकडे आठ दिवस राहून आले, कपाटं आवरली. तुझं बाड जाताना पिशवीत घेतलं आणि येताना पिशवीतच परत आणलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी साडेनऊला मी कॉलेजात पोहोचले. बैठक अकराला. सहा छापील पुस्तकांचं सोपं होतं. कुठलं पुस्तक कुठे लावलंय, कोण काय म्हणतं हे ऐकून माहीत होतं, त्यावर काम भागलं. तुझ्याबद्दल कुणी काही म्हटलेलंच नव्हतं. मी अनुक्रमणिका चाळली, पहिल्या प्रकरणाची सहा पानं वाचली आणि पेन उचललं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, मी तर झाकणावरूनच केली. उदाहरणं फार घरगुती आहेत, असं लिहिलं. विद्यार्थ्याला 'तू' म्हणून बोलणं पाठ्यपुस्तकाला शोभत नाही. गणित कमी आहे. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला व्याख्या हव्यात. आणि संधी खर्च ही या विषयातली पायाची संकल्पना, तिला स्वतंत्र प्रकरण नाही. अनुक्रमणिकेत तो शब्द मला दिसला नव्हता, म्हणून लिहिलं. नववं प्रकरण 'हे केलं म्हणून ते राहिलं' या नावाचं होतं. मला वाटलं, असेल काहीतरी गोष्ट.

हो गोगे. मी ते वाचलं नव्हतं. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं आणि वर एकवीस दिवस लागले.

बैठकीत ग्रंथपालबाई म्हणाल्या होत्या, 'मला या बाडातलं सगळं कळलं. न्हाव्याचं प्रकरण तर मी घरी वाचून दाखवलं.' त्यावर मी हसून म्हणाले, 'तेच तर! आपल्याला सगळं कळलं म्हणजे फार सोपं आहे.' बाईंनी मान खाली घातली आणि समोरचे कागद सारखे करत बसल्या. संख्याशास्त्राच्या सरांनी माझ्या अभिप्रायाखाली सही ठोकली. आम्ही त्या छापील सहांतलं नऊशे पानांचं गुळगुळीत जाड पुस्तक लावलं, कारण ते आमच्याहून मोठ्या कॉलेजात लावलेलं होतं. तेही मी वाचलेलं नव्हतं. तुला मी अभिप्रायाची प्रत पाठवली आणि सोबत चिठ्ठी लिहिली, 'काय करणार, माझ्या हातात असतं तर!' गोगे, माझ्याच हातात होतं.

तुझं उत्तर आठवड्याच्या आत आलं, म्हणजे तू जवळजवळ त्याच दिवशी लिहायला बसली असशील. ते पत्र माझ्याकडे आहे. 'एवढ्या बारकाईने माझं लिखाण आजवर कुणी वाचलं नव्हतं,' असं तू लिहिलंस. आणि पुढे, 'तुझ्यासारखीला नवव्या प्रकरणात संधी खर्च दिसला नाही, म्हणजे माझं लिहिणंच फसलं. ते सगळं काढते आणि नव्याने मांडते.' ते वाचताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असं तुला वाटेल. तसं झालं नाही, हीच तर गोष्ट आहे. मला बरं वाटलं. चहा पिता पिता मी ते ह्यांना वाचून दाखवलं. आणि तुला उलट टपाली लिहिलं, 'अगं, मैत्रिणीसाठी एवढं करायलाच हवं.' माझ्या सगळ्या वागण्यात या एका वाक्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. न वाचणं आळशीपणात खपवता आलं असतं. हे वाक्य मी चांगल्या अक्षरात, विचार करून लिहिलं होतं.

मग तुझी अडीच वर्षं गेली. दर रविवारी तू बसत होतीस आणि मला कळवत होतीस. दुसऱ्या प्रकरणात आता व्याख्या आधी घातल्या. 'तू' सगळीकडचं काढलं, 'विद्यार्थ्याने लक्षात घ्यावे' असं केलं. परिचारिकेला काढलं, न्हाव्याला काढलं. 'त्याच फायलीवर लिहीत गेले, त्यामुळे जुनं आता उरलेलंच नाही, ते एक बरं झालं, मोह नको,' असंही कळवलंस. गेल्या वर्षी तर तू लिहिलंस, 'आता वर्गातही मी असंच शिकवते. मंडळी जरा गप्प झाली आहेत, पण शिस्त आली.' प्रत्येक पत्राला एका ओळीत थांबवता आलं असतं तुला. मी लिहीत राहिले, 'छान चाललंय, लगे रहो.' उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि मी हाकत होते त्या शेळ्याही तुझ्या, रानही तुझं.

इकडे ते जाड पुस्तक आमच्या मुलांच्या पाठी मोडत होतं. दोघादोघांत एक पुस्तक घ्यायची आणि मधोमध फाडून अर्धं अर्धं वाटून घ्यायची. लवचिकतेची व्याख्या सगळ्यांना पाठ. भाव बदलला की मागणी किती टक्क्यांनी बदलते, धडाधड म्हणतात. मग विचारलं, मिठाचा भाव दुप्पट झाला तर तुझी आई मीठ अर्धं टाकेल का? तर मुलं एकमेकांची तोंडं बघतात आणि विचारतात, 'मॅडम, हे परीक्षेला आहे?'

तीन वर्षांची मुदत संपली, पुन्हा समिती बसायची वेळ आली आणि तुझं नवं बाड आलं. या वेळी मी खरंच वाचलं. पुण्याचं काम केल्यासारखं सांगत नाहीये. नवीन प्राचार्यांनी फर्मान काढलं आहे की प्रत्येक पुस्तकाबद्दल त्यांच्यासमोर तोंडी सांगायचं, म्हणून वाचलं. प्रस्तावनेपाशीच अडखळले. 'माझ्या मैत्रिणीने पहिल्या खर्ड्याची ओळन् ओळ वाचून जे दोष दाखवले, त्यांतूनच हे पुस्तक उभे राहिले.' ते पान मी पालथं घातलं आणि पुढे गेले. पुढे काय होतं ते तुला माहीत आहे. चारशे पानं, सगळं बरोबर, एकही चूक नाही. आणि कुठेही तू नाहीस. मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट तू इमानाने केली होतीस. माझ्या दीड तासाच्या थापा तू अडीच वर्षं राबून खऱ्या करून दाखवल्यास.

मग मी कपाटातून जुनं बाड काढलं. रविवारची सकाळ होती. ह्यांनी दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा तसाच नेला. तुझा तो न्हावी वर्गात उठून सांगतो, 'बाई, दाढीचे पैसे वाढवले तर लोक घरी दाढी करतात. केस कापायचे वाढवले तर नुसते कुरकुरतात, पण येतात. स्वतःच्या डोक्यामागचे केस कोण कापणार?' मी एकटीच त्या खोलीत मोठ्याने हसले. आणि नववं प्रकरण. परिचारिका म्हणते, माझी फी माफ आहे, मला हा वर्ग फुकट पडतो. तू प्रत्येकाला फक्त विचारतेस, आत्ता इथे नसतात तर कुठे असता. फळ्यावर यादी लिहीत जातेस. जादा पाळी. झोप. वडिलांचे पाय चेपणं. परिचारिकेच्या मुलीचा पोहण्याचा पहिला दिवस. फळा भरतो आणि ती परिचारिका म्हणते, 'मग बाई, उद्यापासून तुम्ही एक मिनिटसुद्धा उशिरा येऊ नका.' गोगे, एकोणतीस वर्षं मी संधी खर्च शिकवते आहे. त्या रविवारी तो मला पहिल्यांदा कळला. तुझे अडीच वर्षांचे रविवार कशावर गेले आणि त्यांच्यात दुसरं काय काय झालं असतं, हे मी मोजायला लागले आणि मधेच थांबले.

तेव्हाच फोन उचलायला हवा होता. उचलला नाही. उलट मी आणखी एक केलं. मंगळवारी वर्गात लवचिकता होती. मी जाड पुस्तक मिटलं आणि न्हाव्याची गोष्ट सांगितली. मुलं हसली, मग एकेक बोलायला लागली. रिक्षाचं भाडं, सिनेमाचं तिकीट, औषधं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. एक मुलगी दाराशी थांबून म्हणाली, 'मॅडम, तुम्ही असं पुस्तक का नाही लिहीत?' मी नुसतं हसले. ती निघून गेल्यावर रिकाम्या वर्गात मी डस्टर हातात धरून उभी राहिले. आपण हे दुसऱ्यांदा केलं, एवढंच डोक्यात होतं. बादलीवर बसून तू चौथं प्रकरण सांगायचीस ते धरलं तर कितव्यांदा, कोण जाणे.

परवाची बैठक आता सांगते. प्राचार्य, संख्याशास्त्राचे सर, ग्रंथपालबाई आणि मी. सरांनी तुझं नवं बाड चाळलं आणि म्हणाले, 'वाईट नाही. पण हे जाड पुस्तकच आहे, जरा बारीक झालेलं. मग बदलायचं कशाला?' प्राचार्यांनी मान डोलावली. तेवढ्यात ग्रंथपालबाईंनी विचारलं, 'यांचं आधीचं होतं ना, न्हाव्याचं? त्याचं काय झालं?' मी म्हणाले, 'लेखिकेनेच ते बदललं.' अक्षरशः खरं होतं. बाई म्हणाल्या, 'पण का?' मुद्दाम विचारलं नव्हतं त्यांनी, त्यांना खरंच कळत नव्हतं. मी पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. मग म्हणाले, 'माझ्यामुळे. मी ते न वाचता अभिप्राय लिहिला होता. त्यातला एकही दोष त्या पुस्तकात नव्हता. होता की नव्हता, हे लिहिताना मला माहीतच नव्हतं.' संख्याशास्त्राचे सर इतिवृत्त लिहीत होते. पेन वर धरून त्यांनी हळूच विचारलं, 'मॅडम, हे लिहू का?' मी म्हणाले, लिहा. त्यांनी लिहिलं. मग स्वतःच म्हणाले, 'माझंही लिहितो. मीही वाचलं नव्हतं, तुमच्या सहीखाली सही केली होती.' ग्रंथपालबाईंनी आम्हा दोघांना काही सुनावलं असतं तर हलकं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, 'मी तेव्हा गप्प बसायला नको होतं.' मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली. त्याचा अर्थ काय घ्यायचा, ते मी ठरवलेलं नाही.

प्राचार्य पुष्कळ बोलले. त्यांना तो हक्क आहे, ते इथे लिहीत नाही. मी समितीतून बाहेर पडले आहे. माझ्या विभागप्रमुखपदाचं या महिनाअखेरीला ठरेल. जुनं बाड आता उरलेल्यांनी वाचायला घेतलं आहे, प्रत्येकाने सही करून, कुठल्या दिवशी कुठलं प्रकरण वाचलं ते लिहून. ग्रंथपालबाईंनी त्याची छायाप्रत काढून घेतली. त्यांना ते लावायचं आहे, तुझी परवानगी असेल तर. तीनशे बारा पानं, न्हाव्यासकट, 'तू'सकट.

आता हे पत्र आजच का लिहिलं, ते. मला सद्बुद्धी झाली म्हणून, असं लिहायला मला आवडलं असतं. पण आमच्याकडे नियम आहे, बैठकीचं इतिवृत्त प्रत्येक लेखकाला पाठवायचं. तुझी प्रत गुरुवारी टपालात पडेल. त्यात पाचव्या मुद्द्याखाली सरांच्या गोल अक्षरात लिहिलं आहे की, अध्यक्षांनी मागील अभिप्राय पुस्तक न वाचता दिल्याचे मान्य केले. ते तू एकटीने, शिक्का मारलेल्या कागदावर वाचू नयेस, म्हणून मी दोन दिवस आधी तुझ्या दाराशी यायची धडपड करते आहे. एवढीच माझी सचोटी. सोबत जुन्या बाडाची मूळ प्रत पाठवते आहे, कारण तुझ्याकडे ती उरलेली नाही. नव्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतली माझ्याबद्दलची ओळ तू काढशीलच. पुस्तकाबद्दलचं उत्तर ग्रंथपालबाईंना पाठव, मला नको. आमच्या कॉलेजला ते अजिबात द्यायचं नाही असं ठरवलंस तरी तेही त्यांनाच कळव, त्या समजून घेतील. मला मात्र उत्तराची अपेक्षा नाही, असं मी इथे आधी लिहिलं होतं. खोडलेलं तुला दिसत असेल. ते खोटं होतं. अपेक्षा आहे गं. हक्क तेवढा नाही.

तुझीच,
लगबग